घर पालटणारा पाहुणा

पावसाळ्याचे पहिले पाणी ओढ्याविहिरींत मिसळले की गावोगाव आमांशाचे रुग्ण दिसू लागतात. पोटात मुरडा येतो, ताप चढतो आणि शौचावाटे आव व रक्त पडू लागते. लहान मुलांच्या बाबतीत तर दोन-तीन दिवसांतच हा आजार काळजीचे रूप धारण करतो. या आजारासंबंधी घरातील वडीलधाऱ्या माणसांना एक गोष्ट नेहमी कोड्यात टाकते. कांजिण्या एकदा येऊन गेल्या की बहुधा पुन्हा येत नाहीत, गोवराचेही तसेच. मग आमांश मात्र त्याच मुलाला यंदा होऊन पुढच्या वर्षी पुन्हा का होतो? शरीराने एकदा झुंज देऊन ज्या शत्रूला ओळखले, त्यालाच दुसऱ्या खेपेस ते का ओळखत नाही?

आमांशाची कारणे अनेक आहेत आणि या प्रश्नाची उत्तरेही अनेक आहेत. परंतु शिगेला नावाच्या जंतूंपासून होणाऱ्या आमांशापुरते पाहिले तर त्यांतील एक उत्तर मोठे नवलाचे आहे. दुसऱ्या खेपेस आलेला जंतू जातीने तोच असला तरी त्याच्या अंगावरचे कवच निराळे असू शकते. आणि हे निराळे कवच पुष्कळदा जंतूने स्वतः घडविलेले नसते. जंतूच्या पोटात बिऱ्हाड थाटून बसलेल्या एका विषाणूने ते त्याला दिलेले असते. रोग्याला जसा जंतू ग्रासतो, तसा जंतूलाही विषाणू ग्रासतो. आणि या दुसऱ्या ग्रासण्याचा परिणाम पुन्हा रोग्यावरच होतो, अशी ही साखळी आहे.

ही साखळी समजण्यासाठी प्रथम जंतूचे घर कसे बांधलेले असते ते पाहिले पाहिजे. आमांश, विषमज्वर, पटकी इत्यादी रोगांचे जंतू लांबीने मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढे असतात. एवढ्याशा देहाभोवतीही दोन पटले असतात. आतले पटल घराच्या भिंतीसारखे आणि बाहेरचे आवाराच्या कुंपणासारखे; दोहोंच्या मध्ये आकार टिकवून धरणारा एक पातळ, चिवट थर. बाहेरच्या पटलाला बाह्यपटल असे म्हणू. या बाह्यपटलात प्रथिनांची लहान लहान दारे असतात आणि त्यांतून अन्नकण आत जातात. शिवाय त्याच्या बाहेरच्या अंगावर दाट गवत उगवावे तशा साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या उभ्या असतात. तीन-चार निरनिराळ्या शर्करांचा एक मणी, आणि तोच मणी पुनःपुन्हा ओवून केलेली माळ, अशी त्यांची रचना असते.

बाहेरून येणाऱ्या कोणालाही जंतूचे प्रथम दर्शन घडते ते या माळांचे. मनुष्याच्या रक्तात तयार होणारी प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंना ओळखून त्यांना चिकटणारी प्रथिने, जंतूला ओळखतात ती मुख्यतः या माळांवरूनच. मण्यातील एखादी शर्करा बदलली, किंवा तिच्या बाजूला आणखी एक शर्करा लटकली, तरी जुनी प्रतिपिंडे त्या माळेला नीट चिकटत नाहीत. प्रयोगशाळांमध्येही जंतूंची वर्गवारी याच खुणेवर केली जाते. एकाच जातीच्या जंतूंचे अशा ओळखीवरून जे पोटभेद पाडतात, त्यांना सीरोटाइप म्हणतात. तात्पर्य, जंतूचा चेहरा म्हणजे त्याचे बाह्यपटल.

आता पाहुण्याकडे वळू. जंतूंना ग्रासणाऱ्या विषाणूंचे अस्तित्व प्रथम जाणवले त्या कथेत भारताचाही थोडा भाग आहे. आग्रा येथे काम करणारे अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ साली असे नमूद केले की, यमुना आणि गंगा यांच्या पाण्यात पटकीचे जंतू मारण्याची काही शक्ती आहे. ती शक्ती कोणती हे त्या काळी उमगले नाही. पुढे १९१५ साली लंडनमध्ये ट्वोर्ट यांनी जंतूंना विरघळविणाऱ्या एका अदृश्य द्रव्याचे वर्णन केले आणि १९१७ साली पॅरिसमध्ये फेलिक्स देरेल यांनी आमांशाच्या रोग्यांच्या मलातून असाच जंतुनाशक घटक शोधून काढून त्याला ‘बॅक्टेरिओफाज’, म्हणजे जंतुभक्षक, असे नाव दिले. हे जंतुभक्षक म्हणजेच जंतूंवर जगणारे विषाणू होत.

हे विषाणू दोन रीतींनी वागतात. पहिली रीत दरोडेखोराची. विषाणू जंतूच्या बाह्यपटलाला चिकटतो, आपला डीएनए, म्हणजे आनुवंशिक द्रव्याचा धागा, आत सोडतो, जंतूच्या साऱ्या यंत्रणेला जुंपून आपल्या शेकडो प्रती तयार करवितो आणि शेवटी घर फोडून बाहेर पडतो. जंतू मरतो. दुसरी रीत घरजावयाची. या रीतीत विषाणूचा धागा आत गेल्यावर बहुधा जंतूच्या स्वतःच्या डीएनएत बेमालूम जोडला जातो आणि शांतपणे राहू लागतो. जंतू दुभंगून त्याचे दोन जंतू झाले की दोघांच्याही पोटी तो वारशाने जातो. पिढ्यान्‌पिढ्या असे चालू शकते. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आन्द्रे ल्वॉफ यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले की, असा निद्रिस्त विषाणू नाहीसा झालेला नसतो. जंतूंवर अतिनील किरण पाडले की तो जागा होतो आणि घर फोडून बाहेर पडतो. या आणि पुढील कार्याबद्दल ल्वॉफ यांना १९६५ साली झाकोब व मोनो यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

घरजावई शांत बसलेला असतो, परंतु रिकामा बसलेला नसतो. त्याच्या धाग्यावरील बहुतेक जनुके निजलेली असली तरी काही थोडी जागी असतात. आणि त्यांतील काहींचे काम घराचा दर्शनी भाग बदलणे हेच असते.

ही गोष्ट प्रथम उजेडात आली ती साल्मोनेला नावाच्या जंतूंच्या अभ्यासात. हे जंतू विषमज्वराच्या जंतूंचे भाऊबंद असून दूषित अन्नातून पोटाचे विकार उत्पन्न करतात. १९५३ साली जपानमधील इसेकी आणि साकाई या संशोधकांना असे आढळले की, या जंतूंच्या एका सीरोटाइपचे कृत्रिम उपायांनी दुसऱ्या सीरोटाइपात रूपांतर करता येते. पुढे १९५८ साली उएताके, लुरिया आणि बरस यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या रूपांतरामागचा कर्ता स्पष्ट झाला. एप्सिलॉन-१५ नावाचा विषाणू जंतूत शिरला की थोड्याच वेळात जंतूच्या पृष्ठभागावर नवी खूण उमटू लागते. विशेष म्हणजे, ज्या जंतूंत विषाणू वस्ती करून राहणार होता त्यांतच असे घडत होते असे नव्हे. जे पुढे फुटून मरणार होते, त्यांतही नवी खूण उमटत होती. तेव्हा जुन्या मिसळीतून वेगळे जंतू तेवढे निवडले गेले असतील ही शंका उरली नाही. विषाणूचे जनुकच जंतूचे रूप पालटत होते.

१९६२ साली रॉबिन्स आणि उचिदा यांनी या पालटाचे रसायन उलगडले. मूळ जंतूच्या माळेतील मणी मॅनोज, ऱ्हॅम्नोज आणि गॅलॅक्टोज या तीन शर्करांचा असून गॅलॅक्टोजवर ॲसिटिल नावाचा एक लहानसा रासायनिक गट बसलेला असतो. एप्सिलॉन-१५ आत आला की तो ॲसिटिल गट नाहीसा होतो आणि मणी ज्या कोनाने एकमेकांत गुंफले जात तो कोनही बदलतो. यासाठी विषाणू दुहेरी योजना करतो. मणी गुंफणाऱ्या जंतूच्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, तो आपल्या एका छोट्या प्रथिनाने अडवितो आणि त्याच्या जागी स्वतःचे विकर कामाला लावतो. जुन्या कारागिराचे हात बांधावेत आणि त्याच्याच मागावर नव्या कारागिराने निराळे वस्त्र विणावे, तसाच हा प्रकार.

येथे मनात सहजच प्रश्न उभा राहतो. विषाणूला जंतूचा चेहरा पालटून काय मिळते? याचे उत्तर विषाणू जंतूत शिरतो कसा यात आहे. एप्सिलॉन-१५ जंतूला चिकटतो तो याच शर्करामाळांना धरून. माळ पालटली की त्याच जातीच्या दुसऱ्या विषाणूला चिकटण्यास जागा उरत नाही. म्हणजे आत आलेला पाहुणा प्रथम दाराला आतून कडी घालतो, त्याच्यासारख्या दुसऱ्याने येऊन घरात वाटा मागू नये म्हणून.

परंतु निसर्गात एक दार बंद झाले की दुसरे उघडते. एप्सिलॉन-३४ नावाचा दुसरा एक विषाणू आहे. त्याला मूळ जंतूत शिरताच येत नाही. एप्सिलॉन-१५ ने पालटलेली माळ हेच त्याचे दार. पहिल्या पाहुण्याने केलेल्या बदलाचा आधार घेऊन तो आत येतो आणि आपल्या परीने माळेच्या प्रत्येक गॅलॅक्टोजवर ग्लुकोजचा एक अधिक रेणू लटकावून तिसरेच रूप निर्माण करतो. एकाच जंतूवर अशी दोन विषाणूंची स्वाक्षरी एकावर एक उमटलेली असते.

या रीतीचा आणखी एक उपयोग विषाणूला होतो. टी-५ नावाचा विषाणू पहिल्या, म्हणजे दरोडेखोराच्या रीतीचा आहे; तो जंतूला मारूनच बाहेर पडतो. तरीही जंतूत शिरल्यावर तो एक लहानसे प्रथिन तयार करवून बाह्यपटलातील ज्या दारातून तो आत आला तेच दार बुजवून टाकतो. जंतू फुटल्यावर त्याच्या पटलाचे तुकडे सभोवार पसरतात. ती दारे उघडी राहिली असती तर बाहेर पडलेले नवे विषाणू त्या निर्जीव तुकड्यांनाच चिकटून वाया गेले असते. पडक्या घराच्या चौकटीशी डोके आपटून पिढी बुडू नये, एवढी सोय तो आधीच करून ठेवतो.

येथवरचा खेळ विषाणू आणि जंतू यांच्यापुरताच आहे. मनुष्याचा संबंध येतो तो यानंतर. कारण विषाणूने स्वतःच्या सोयीसाठी केलेला बदल जंतूला मनुष्याच्या शरीरात अकस्मात उपयोगी पडतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे आमांशाचा शिगेला फ्लेक्स्नेरी हा जंतू. त्याचे पंधराहून अधिक सीरोटाइप ज्ञात आहेत. सहाव्या क्रमांकाचा प्रकार सोडला तर त्यांतील बहुतेकांच्या शर्करामाळेचा गाभा एकच असतो : तीन ऱ्हॅम्नोज आणि एक ॲसिटिलग्लुकोसमीन. ज्या जंतूच्या अंगावर हा गाभा काहीही न जोडता तसाच उभा असतो, त्याला ‘वाय’ प्रकार म्हणतात. बाकीचे अनेक प्रकार या साध्या माळेवर अलंकार चढवून झालेले आहेत. कोणी पहिल्या शर्करेवर ग्लुकोज बसवितो, कोणी दुसऱ्या, कोणी ॲसिटिल गट चढवितो. हे अलंकार चढविणारी बहुतेक जनुके विषाणूंची आहेत. एसएफ-२, एसएफ-५, एसएफ-एक्स, एसएफ-६ अशी त्या विषाणूंची नावे आहेत.

ग्लुकोज बसविण्याचे काम तीन जनुकांच्या टोळीने होते. एकाच्या प्रथिनाने ग्लुकोजचा रेणू एका स्निग्ध वाहकावर चढवावयाचा, दुसऱ्याने तो आतल्या पटलापलीकडे न्यावयाचा आणि तिसऱ्याने ठरलेल्या शर्करेवर नेमका बसवावयाचा. पहिली दोन माणसे हमालांसारखी. ती सर्व विषाणूंत जवळजवळ सारखीच आढळतात. तिसरा मात्र सोनार. तो कोणत्या विषाणूचा आहे यावर दागिना कोठे बसणार आणि जंतू कोणत्या प्रकारात मोडणार हे ठरते. कित्येक जंतूंत तर विषाणूचा मूळ धागा काळाच्या ओघात मोडून गेलेला असतो. त्याला जागे होऊन बाहेर पडण्याची शक्ती राहिलेली नसते. पण ही तीन जनुके शाबूत असतात आणि आपले काम करीत राहतात. पाहुणा केव्हाच गेला, त्याने दिलेला रंग मात्र भिंतीवर कायम राहिला.

या अलंकाराचा लाभ जंतूला दुहेरी होतो. एक तर पूर्वीच्या आजारात तयार झालेली प्रतिपिंडे नव्या माळेला नीट ओळखत नाहीत. दुसरा लाभ अधिक सूक्ष्म आहे. शिगेला जंतू आतड्याच्या पेशींत शिरतो तो सुईसारख्या एका अवयवाच्या साहाय्याने. शर्करामाळांचे रान फार उंच असले तर सुई त्यात बुडून जाते; रान अगदीच कापले तर शरीराच्या मारक द्रव्यांपुढे जंतू उघडा पडतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की, ग्लुकोज चढल्याने माळ मुरडून आखूड होते आणि रानाची उंची सुमारे निम्म्यावर येते. त्यामुळे सुई बाहेर डोकावते आणि संरक्षणही टिकते. विषाणूने लावलेली कडी अशा रीतीने जंतूच्या हातातले हत्यार सुकर करणारी ठरली.

ही केवळ प्रयोगशाळेतील करमणूक नव्हे. २००१ नंतरच्या काही वर्षांत चीनच्या हेनान प्रांतात शिगेला फ्लेक्स्नेरीचा एक नवा प्रकार आढळू लागला आणि बघता बघता त्याने तेथील पूर्वीच्या प्रमुख प्रकाराला मागे टाकले. त्याला ‘एक्स-व्ही’ असे नाव देण्यात आले. त्याच्या माळेवरील ग्लुकोज एसएफ-एक्स विषाणूच्या जनुकांचे काम होते आणि दुसरा एक अलंकार प्लास्मिड नावाच्या फिरत्या डीएनए-वर्तुळावरून आलेला होता. हा जंतू अनेक प्रतिजैविक औषधांनाही दाद देत नव्हता. औषध आणि ओळख, दोन्ही आघाड्यांवर त्याने एकदमच हूल दिली.

साखरेच्या माळांप्रमाणेच बाह्यपटलातील प्रथिनेही विषाणूंच्या हातून बदलतात. याचे उदाहरण तर संशोधकांच्या अगदी डोळ्यांसमोर वर्षानुवर्षे पडून होते. लॅम्डा हा विषाणू एस्थर लेडरबर्ग यांनी कोलाय जंतूंच्या के-१२ या वंशात शोधून काढला आणि १९५१ साली त्याची वार्ता प्रसिद्ध झाली. त्यानंतर जगातील असंख्य प्रयोगशाळांत त्याचा अभ्यास झाला. सँगर आणि त्यांचे सहकारी यांनी १९८२ साली त्याच्या डीएनएतील सर्व ४८,५०२ अक्षरजोड्या क्रमवार वाचून काढल्या. इतका परिचित विषाणू; पण बॅरॉन्डेस आणि बेकविथ यांनी १९९० साली दाखवून दिले की, तो जंतूत निजलेला असतानाही त्याचे ‘बॉर’ नावाचे एक जनुक जागे असते. या जनुकाचे प्रथिन जंतूच्या बाह्यपटलात जाऊन बसते आणि अशा जंतूला रक्तरसातील, म्हणजे सीरममधील, मारक द्रव्यांपुढे टिकाव धरण्याचे बळ येते. ज्याला चाळीस वर्षे निरुपद्रवी मानले, त्या पाहुण्याच्या गाठोड्यातही यजमानासाठी एक ढाल निघाली.

घटसर्प आणि पटकी या रोगांची कथा याच्या शेजारची आहे. घटसर्पाचे विष निर्माण करण्याची शक्ती जंतूला विषाणूकडून मिळते हे फ्रीमन यांनी १९५१ साली सूचित केले. पटकीच्या विषाचे जनुकही विषाणूनेच वाहून आणलेले असते हे वॉल्डॉर आणि मेकालानॉस यांनी १९९६ साली सिद्ध केले. तेथे पाहुण्याने शस्त्र दिले. येथे तो कवच देतो.

या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग काय, असे कोणी विचारील. पहिला उपयोग लशीच्या बाबतीत. शिगेलाच्या एका प्रकाराविरुद्ध तयार केलेली लस दुसऱ्या प्रकारापुढे लुळी पडते, याचे कारण आता कळले आहे. म्हणून अनेक संशोधक एकाच लशीत निवडक प्रकार एकत्र गुंफू पाहतात. त्यांत फ्लेक्स्नेरीचे २-ए, ३-ए आणि ६ हे प्रकार व त्यांच्या जोडीला शिगेला सॉनाय हा जंतू यांना विशेष महत्त्व दिले जाते. काहीजण माळांकडे दुर्लक्ष करून, सर्व प्रकारांत सारखे असणारे एखादे प्रथिन लशीसाठी शोधतात. दोन्ही मार्ग निवडताना विषाणूंचा हा उद्योग जमेस धरावाच लागतो. आज जो प्रकार विरळ आहे तो उद्या बहुसंख्य होऊ शकतो. त्यासाठी जंतूला फार काळ वाट पाहावी लागत नाही, एक पाहुणा पुरतो.

दुसरा उपयोग विषाणूंनाच औषध म्हणून वापरण्याच्या बाबतीत. प्रतिजैविके निष्प्रभ होऊ लागल्यापासून जंतुभक्षकांनी रोग बरे करण्याच्या जुन्या कल्पनेला पुन्हा बहर आला आहे. जॉर्जियातील त्बिलिसी येथे तर १९२३ साली स्थापन झालेल्या संस्थेत हे काम दीर्घकाळ चालत आले. परंतु औषधासाठी विषाणू निवडताना तो दरोडेखोराच्या रीतीचा आहे की घरजावयाच्या, हे पारखून घ्यावे लागते. घरजावयाच्या रीतीचा विषाणू जंतूला मारण्याऐवजी त्याला नवे कवच बहाल करावयाचा. म्हणून औषधी विषाणूचा डीएनए आधी संपूर्ण वाचून त्यात अशी जनुके नाहीत ना, याची खात्री करून घेणे हा नियमच होऊन बसला आहे.

आणि तिसरी गोष्ट घरोघरच्या माणसांसाठी. शरीराची प्रतिपिंडे जंतूचा चेहरा पाहून त्याला ओळखतात. चेहरा पालटला की ती फसतात. उकळते पाणी मात्र कोणाचा चेहरा पाहत नाही. विषाणूने चढविलेला अलंकार अंगावर असो वा नसो, खळखळून उकळलेल्या पाण्यात आमांशाचा जंतू जिवंत राहत नाही. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने धुतलेल्या हातांवरून तो वाहून जातो, मग तो ‘वाय’ असो की ‘एक्स-व्ही’. मुलाला आमांश झालाच तर मीठ-साखरेचे पाणी वेळच्या वेळी पाजावे आणि शौचात रक्त दिसताच वैद्यकीय सल्ला घ्यावा. गेल्या वर्षी होऊन गेला म्हणून यंदा धोका नाही, अशा भरवशावर राहू नये.